मायक्रोफ्लुइडिक चिप आणि पेशींची मोजणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केसाएवढ्या रुंदीच्या वाहिन्यांमधून रक्त, दूध, गढूळ पाणी असं काहीबाही सोडायचं आणि त्यातल्या पेशी किंवा कण वेगळे करायचे, मोजायचे, हे माझं रोजचं काम. अशा वाहिन्या असलेल्या तुकड्याला मायक्रोफ्लुइडिक चिप म्हणतात. लग्नकार्यात भेटणारे नातेवाईक, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं आणि पॅथॉलॉजी लॅब चालवणारे ओळखीचे डॉक्टर, तिघंही फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदा लिहूनच काढली.

चिप म्हणजे मोबाइलमध्ये असते तसली का?

नाही. हिच्यातून वीज वाहत नाही, द्रव वाहतो. समोर ठेवली तर काचेच्या स्लाइडवर चिकटवलेली पारदर्शक रबराची वडी दिसेल, अंगठ्याएवढी. उजेडात तिरकी धरली की आत बारीक रेघा दिसतात. त्या रेघा म्हणजे वाहिन्या. नाव ‘चिप’ पडलं ते तिचा साचा मोबाइलच्या चिपसारखाच सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशाने कोरतात म्हणून.

मापाचा अंदाज यावा म्हणून: मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड. रक्तातली तांबडी पेशी ७ ते ८ मायक्रॉन रुंद, प्लेटलेट २ ते ३, आणि ई. कोलाय हा जिवाणू लांबीला २ मायक्रॉनच्या आसपास. आमच्या वाहिन्या बहुतेक २० ते ५०० मायक्रॉनच्या असतात.

इतक्या बारीक वाहिनीत पाणी वेगळं वागतं म्हणजे काय?

नळ जोरात सोडला की पाणी खळाळतं, भोवरे होतात. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये मँचेस्टरला काचेच्या नळीत रंगाची धार सोडून दाखवलं की प्रवाह केव्हा सरळ राहतो आणि केव्हा विस्कटतो. त्यांच्या नावाचा जो आकडा आहे तो नळीत साधारण २००० च्या पुढे गेला की गडबड सुरू होते. आमच्या १०० मायक्रॉनच्या वाहिनीत पाणी सेकंदाला एक मिलिमीटर या वेगाने गेलं तर तोच आकडा ०.१ येतो. म्हणजे खळाळाचा प्रश्नच नाही. दोन दिशांनी दोन द्रव आणून एका वाहिनीत सोडले तर ते अंगाला अंग लावून चालतात, एकमेकांत घुसत नाहीत. निळा आणि पिवळा रंग सोडून मुलांना दाखवते, तर मधली रेघ पट्टीने आखल्यासारखी दिसते. पहिल्यांदा बघणारा हमखास विचारतो, मध्ये भिंत आहे का?

मिसळतात ते फक्त रेणूंच्या आपल्या आपण भटकण्याने, विसरणाने. आणि इथे अंतराचा वर्ग लागतो: अंतर दुप्पट झालं तर वेळ चौपट. मिठासारख्या लहान रेणूला १०० मायक्रॉन ओलांडायला पाचेक सेकंद लागतात, पण एक सेंटिमीटर ओलांडायला जवळजवळ चौदा तास. उलट तांबड्या पेशीएवढा मोठा कण नुसत्या भटकण्याने १०० मायक्रॉन जायचा म्हटलं तर जवळपास अख्खा दिवस जाईल. सगळी गंमत या फरकात आहे. औषध, रंग, मीठ हे पेशीपर्यंत पटकन पोचतात, पण पेशी स्वतः जिथे आहे त्याच धारेत राहते. तिला हलवायचं तर आपण ढकलायला हवं.

याची किंमतही मोजावी लागते. नळीचा व्यास निम्मा केला तर तेवढंच पाणी तेवढ्याच वेळात ढकलायला सोळापट दाब लागतो. विद्यार्थी उत्साहात वाहिनी बारीक करत जातात आणि मग सिरिंजला लावलेली ट्युबिंग फटकन निघून रक्त थेट ॲप्रनवर येतं.

पेशी एकमेकींपासून वेगळ्या करायच्या कशा?

धान्य निवडताना आपण काय करतो? चाळतो, पाखडतो, नाहीतर हाताने खडे वेचतो. चिपमध्येही हेच तीन प्रकार आहेत, फक्त हात वेगळे.

चाळणीतला दोष सगळ्यांना माहीत आहे: ती तुंबते. प्रिन्स्टनमधल्या एका गटाने २००४ मध्ये यावर सुरेख तोड काढली. वाहिनीत छोट्या खांबांच्या ओळी, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा किंचित बाजूला सरकवलेली. लहान कण धारेबरोबर खांबांना वळसे घालत सरळ जातो. ठरावीक मापापेक्षा मोठा कण मात्र प्रत्येक खांबाला धडकून थोडा थोडा एकाच बाजूला ढकलला जातो. शेकडो खांब ओलांडेपर्यंत मोठे एका कडेला, लहान दुसऱ्या. खांबांमधली फट त्या मापापेक्षा मोठीच असते, त्यामुळे तुंबण्याचा त्रास कमी. कमी म्हटलं, संपला म्हटलेलं नाही.

पाखडण्याच्या जातीची रीत म्हणजे वेग वापरणं. १९६१ मध्ये सेग्रे आणि झिल्बरबर्ग यांना दिसलं की नळीतून वाहणारे गोळे मधोमधही राहत नाहीत आणि भिंतीलाही चिकटत नाहीत, ते त्रिज्येच्या ०.६ अंतरावर एका कड्यात जमतात. वाहिनी जिलबीसारखी गोल फिरवली की मोठे आणि लहान कण वेगवेगळ्या रांगांत बसतात. यात वीज नाही, चुंबक नाही, फक्त पंप. आमच्याकडे नवखा माणूस आला की त्याला मी हीच चिप आधी देते.

माझी आवडती रीत मात्र आवाजाची. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर. २ मेगाहर्ट्झचा आवाज सोडला, म्हणजे ऐकू येण्याच्या शंभरपट वर, तर अर्धी तरंगलांबी ३७५ मायक्रॉन येते. वाहिनी बरोबर तेवढी रुंद ठेवली की तिच्यात तरंग उभा राहतो आणि तांबड्या पेशी पळत मधोमध येऊन रांग धरतात. चरबीचे थेंब मात्र उलट दोन्ही भिंतींकडे जातात, कारण ते पाण्यापेक्षा हलके आणि जास्त दबणारे. स्वीडनमध्ये लुंड इथे यावर खूप काम झालं, हृदयाच्या ऑपरेशनमध्ये सांडलेल्या रक्तातली चरबी अशी बाजूला काढून दाखवली. मी एकदा पातळ केलेलं म्हशीचं दूध सोडून पाहिलं. साय दोन्ही कडांना जमलेली बघून जो आनंद झाला तो कुठल्या रिपोर्टात लिहिता आला नाही.

विजेने ढकलण्याचीही रीत आहे. हर्बर्ट पोल यांनी १९५१ मध्ये तिला डायइलेक्ट्रोफोरेसिस हे नाव दिलं. जिवंत आणि मेलेली पेशी विजेला वेगळा प्रतिसाद देतात, त्यावरून त्या निवडता येतात. पण रक्त खारट, त्यातून वीज गेली की ते तापतं, म्हणून आधी मीठ कमी करून घ्यावं लागतं. प्रकाशाच्या चिमट्याने एकेक कण उचलता येतो, त्याबद्दल आर्थर ॲश्किन यांना २०१८ चं नोबेल मिळालं. हे म्हणजे हाताने खडे वेचणं. काम अचूक, पण गोणभर धान्याला उपयोगाचं नाही.

आणि मोजायच्या कशा?

यातली सर्वांत जुनी युक्ती अजूनही सर्वांत जास्त चालते. वॉलेस कूल्टर यांनी शिकागोत ती शोधली, १९४९ मध्ये पेटंटचा अर्ज केला, १९५३ मध्ये ते मिळालं. मिठाच्या पाण्यात एक पडदा, पडद्याला बारीक भोक, दोन्ही बाजूंना तारा. सुरुवातीचा पडदा त्यांनी सिगारेटच्या पाकिटावरच्या सेलोफेनला तापल्या सुईने भोक पाडून केला असं सांगतात. भोकातून पेशी गेली की तिने तेवढं खारं पाणी बाजूला सारलेलं असतं. पेशीचं आवरण वीज जाऊ देत नाही, म्हणून क्षणभर विरोध वाढतो आणि एक ठोका उमटतो. ठोक्यांची संख्या म्हणजे पेशींची संख्या. ठोक्याची उंची म्हणजे पेशीचं आकारमान.

तुमच्या सीबीसीच्या कागदावर ‘एमसीव्ही’ (तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान) म्हणून ८० ते १०० च्या घरात आकडा असतो ना? बऱ्याच यंत्रांत तो या ठोक्यांच्या उंचीवरूनच आलेला असतो. पांढऱ्या पेशी मोजण्याआधी तांबड्या फोडून टाकतात, कारण एका पांढऱ्या पेशीमागे तांबड्या सहा-सातशे असतात. त्या गर्दीत ती सापडायची कुठून?

दुसरी रीत प्रकाशाची. पेशींना एकेरी रांगेत लेझरसमोरून न्यायचं आणि किती उजेड विखुरला, कुठला रंग चमकला ते टिपायचं. फ्लो सायटोमीटर ते हेच. रांग लावण्यासाठी नमुन्याच्या दोन्ही बाजूंनी स्वच्छ द्रवाची धार सोडतात. ती मधल्या धारेला चेपून बारीक करते. बोळात समोरून टेम्पो आला की आपण भिंतीला लागून एकामागे एक होतो, तसं.

डेंग्यूत यंत्राने प्लेटलेट्स खूप कमी दाखवल्या आणि दुसऱ्या लॅबमध्ये जास्त आल्या. यंत्र चुकतं का?

चुकू शकतं, आणि का ते वरच्या उत्तरात आहे. यंत्र ठोक्याच्या उंचीवरून ठरवतं की गेली ती प्लेटलेट होती की आणखी काही. काही जणांच्या रक्तात, रक्त गोठू नये म्हणून नळीत घातलेल्या ईडीटीए या रसायनामुळे प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात. दहा प्लेटलेट्सचा गठ्ठा भोकातून गेला तर यंत्राला एकच मोठा ठोका दिसतो आणि तो प्लेटलेटच्या खात्यात जमाच होत नाही. उलट फुटलेल्या तांबड्या पेशींचे तुकडे प्लेटलेट म्हणून मोजले जातात. म्हणून आकडा फारच कमी आला तर काचेवर रक्ताचा लेप काढून मायक्रोस्कोपखाली बघायची पद्धत आहे. लॅबवाल्यांना ‘स्मिअर बघितला का’ असं विचारायला संकोचू नका. पुढे काय करायचं ते अर्थात तुमचे डॉक्टर ठरवतील.

चिप बनते कशी?

आधी साचा. सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशाने घट्ट होणारा लेप पसरतात, वर नकाशा ठेवून अतिनील प्रकाश देतात, नको तो भाग धुऊन काढतात. वाहिनीच्या जागी उंचवटा उरतो. हे पिवळ्या दिव्याच्या, धूळ नसलेल्या खोलीत चालतं आणि इथेच खरा खर्च असतो.

पुढचं काम स्वयंपाकघरातलं म्हटलं तरी चालेल. पीडीएमएस नावाचं सिलिकोन रबर द्रवरूपात मिळतं, काकवीएवढं दाट. त्याचे दहा भाग आणि घट्ट करणाऱ्या द्रवाचा एक भाग प्लास्टिकच्या काट्याने भरपूर फेटायचे. बुडबुड्यांनी ते पांढरं होतं. मग निर्वात भांड्यात ठेवायचं, अर्ध्या तासात बुडबुडे वर येऊन फुटतात आणि पुन्हा काचेसारखं स्वच्छ दिसतं. साच्यावर ओतून ७० अंशांवर दोनेक तास. बाहेर काढलं की लागतं खरवसासारखं. सुरीने वड्या पाडायच्या, नळ्यांसाठी भोकं पाडायची, वडी आणि काच दोन्हींना ऑक्सिजन प्लाझ्मात (रक्तातला नव्हे, विजेने चेतवलेला ऑक्सिजन वायू) मिनिटभर ठेवायचं आणि एकमेकांवर टेकवायचं. जुळलं की जुळलं, परत सुटत नाही. वाकडं टेकलं तर वडी गेली. हार्वर्डमधल्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने १९९८ मध्ये ही पद्धत सोपी करून मांडली आणि कोट्यवधींची यंत्रसामग्री नसलेल्या प्रयोगशाळांतही चिप बनू लागल्या.

ती धुऊन परत वापरता येते का?

रंगीत पाण्याने सराव केला असेल तर हो. रक्त गेलं असेल तर फेका. प्रथिनं भिंतीला चिकटतात आणि पुढचा आकडा खोटा येतो.

सगळ्यात जास्त वेळ कशात जातो?

लोकांना वाटतं, गणितात. जातो बुडबुड्यात. फ्रिजमधून काढलेल्या द्रवात हवा जास्त विरघळलेली असते, चिप खोलीच्या तापमानाला असते, द्रव तापतो आणि नेमक्या महत्त्वाच्या वळणावर बुडबुडा बसतो. एवढ्याशा वाहिनीत तो धरणासारखा असतो. म्हणून नमुना आधी बाहेर काढून ठेवायचा, आणि वाहिनी भरताना घाई करायची नाही.

दुसरी गोष्ट मी चांगलीच ठेच लागून शिकले. सुरुवातीच्या काळात तीन दिवस एक चिप नीट काम करत नव्हती. पहिल्या पाच मिनिटांत पेशी भरपूर, पुढे कमी, अर्ध्या तासाने जवळजवळ नाहीतच. मी नकाशा बदलला, खांबांमधलं अंतर बदललं, पंपाला शिव्या घातल्या. शेवटी सफाईला आलेल्या मावशी सिरिंजकडे बघून म्हणाल्या, “ताई, खाली गाळ बसलाय.” पेशी आडव्या सिरिंजच्या तळाशी बसल्या होत्या, चिपपर्यंत येतच नव्हत्या. तेव्हापासून सिरिंज उभी, तोंड खाली, आणि द्रवाची घनता वाढवून घेतलेली. इतकं साधं काम मला कुठल्याही शोधनिबंधात ठळक लिहिलेलं दिसलं नव्हतं.

मग रक्ताच्या एका थेंबात सगळ्या तपासण्या होतील का?

नाही, आणि हे चिप बनवणारीनेच सांगितलेलं बरं. थेरानोस या अमेरिकन कंपनीने बोटाच्या टोकावरच्या थेंबाची स्वप्नं विकली. कंपनी २०१८ मध्ये बंद पडली. संस्थापक एलिझाबेथ होम्स २०२२ मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरल्या आणि त्यांना ११ वर्षांहून अधिक शिक्षा झाली.

फसवणूक बाजूला ठेवली तरी साधं अंकगणित आड येतं. २५ मायक्रोलिटरचा थेंब धरा. त्यात तांबड्या पेशी साडेबारा कोटींच्या आसपास. त्या मोजायला थेंब खूप झाला. पण जी गोष्ट ७.५ मिलिलिटरमध्ये पाचच आहे ती शोधायची असेल, तर तेवढ्या रक्ताचे थेंब होतात ३००. म्हणजे सरासरी साठ थेंबांत एक. एकोणसाठ वेळा चिपला काही सापडणार नाही, आणि त्यात तिची चूक नसेल. चिप कितीही हुशार असली तरी थेंबात नसलेली पेशी ती आणणार कुठून? शिवाय मोजणीत नैसर्गिक चढउतार असतो: १०० मोजल्या तर दहाएक इकडेतिकडे, १०,००० मोजल्या तर शंभरएक. आणि बोट दाबून काढलेल्या रक्तात आजूबाजूच्या ऊतींतलं पाणी मिसळतं, ते वेगळंच.

रक्तातून कॅन्सरच्या पेशी पकडतात म्हणे?

पकडतात. वरचं पाचाचं उदाहरण तिथलंच आहे. पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये ७.५ मिलिलिटर रक्तात अशा पाच किंवा जास्त पेशी सापडणं हे वाईट लक्षण मानलं जातं. त्यासाठीची चुंबकीय कणांवर चालणारी एक तपासणी अमेरिकेत २००४ पासून मान्य आहे. २००७ मध्ये बोस्टनच्या गटाने ७८,००० सूक्ष्म खांबांची चिप केली. खांबांना असं प्रतिपिंड (अँटिबॉडी) लावलेलं की अंगावर ठरावीक खूण असलेली कॅन्सरची पेशी चिकटावी आणि रक्ताच्या पेशी घसरून जाव्यात. अडचण अशी की सगळ्या कॅन्सरपेशींवर ती खूण नसते, आणि पसरताना काही पेशी ती टाकूनही देतात. आजार आधीच माहीत असलेल्या रुग्णाची वाटचाल बघायला हे उपयोगी. धडधाकट माणसाने ‘एकदा करून घेऊ’ म्हणून पैसे घालावेत, असं मी माझ्या घरच्यांना तरी सांगणार नाही.

सिकलसेलशी याचा संबंध कसा?

हा प्रश्न गडचिरोली आणि नंदुरबारकडच्या विद्यार्थ्यांकडून येतो, आणि माझ्या मते चिपचं सर्वांत नेमकं काम इथेच आहे. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनच्या रेणूंच्या दोऱ्या होतात, पेशी विळ्यासारखी वाकते आणि ताठ होते. निरोगी तांबडी पेशी स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतून अंग चोरून जाते, ही अडकते. काचेवरच्या लेपात तुम्हाला वाकलेली पेशी दिसेल, पण अडकणं दिसणार नाही. चिपमध्ये दिसतं. पीडीएमएसमधून वायू आरपार जातो. शेजारच्या वाहिनीत नायट्रोजन सोडला की रक्ताच्या वाहिनीतला ऑक्सिजन उतरतो, डोळ्यांदेखत वाहतूक मंदावते आणि थांबते. पुन्हा ऑक्सिजन दिला की बऱ्याच पेशी सुटून वाहू लागतात. औषध टाकून फरक पडतो का, हेही तिथेच बघता येतं.

२०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचं लक्ष्य २०४७ पर्यंत हा आजार संपवण्याचं आहे. गावात होणाऱ्या तपासण्यांत मात्र अशी चिप वापरत नाहीत. तिथे सोल्युबिलिटी टेस्ट आणि हिमोग्लोबिन वेगळं करून बघणाऱ्या तपासण्याच कामाच्या. चिप अजून संशोधनाच्या टेबलावर आहे.

गर्भचाचणीची पट्टी यातच येते का?

येते. तिच्यात पंप नाही, कागदच द्रव ओढतो. ती लाल रेघ बहुतेक पट्ट्यांत सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांची असते. त्या मापात सोनं लाल दिसतं. करोनाच्या काळात घरोघरी आलेली अँटिजेन पट्टीही त्याच घराण्यातली.

आपल्याकडे बनलेलं आणि खरोखर वापरात असलेलं काही?

ट्रूनॅट. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं यंत्र, विकसित केलं बंगळुरूच्या बिगटेकने. छोट्या चिपवर क्षयाच्या जंतूंचा डीएनए वाढवून ओळखतं, बॅटरीवर चालतं, तासाभरात उत्तर देतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये क्षयासाठी त्याची शिफारस केली. पेशी निवडणं हे त्याचं काम नाही, पण वीज येते-जाते अशा ठिकाणी चिप कशी टिकवायची ते त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे. कारण आमच्या बहुतेक चिप हातावर मावतात आणि त्यांच्याभोवतीचा पंप, लेझर, मायक्रोस्कोप, कॅमेरा मिळून टेबल भरतं. ‘चिपवर प्रयोगशाळा’ म्हणत निघालो आणि पोचलो ‘प्रयोगशाळेत चिप’ इथे, असा आमच्यातला जुना विनोद आहे.

घरी मुलांबरोबर काही करून बघता येईल?

हो, कागदाची चिप. गाळणकागदावर मेणाच्या खडूने तीन पाकळ्यांचं फूल काढा, रेघ ठसठशीत, पाकळीची मान सहा-सात मिलिमीटर तरी रुंद. दोन साध्या कागदांमध्ये ठेवून मोठ्या माणसाने इस्त्री फिरवायची. मेण वितळून कागदात खाली उतरतं आणि भिंत होते. ते बाजूलाही पसरतं, म्हणून मान अरुंद ठेवली तर वाटच बुजते. एका पाकळीच्या टोकाला पाण्यात कालवलेली हळद काडीने टेकवा, दुसरीला जास्वंदाचा रस, तिसरी कोरी. वाळू द्या. मग मधोमध धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचे दोन-तीन थेंब. द्रव तिन्ही पाकळ्यांत आपला आपण चढेल, हळद लाल होईल, जास्वंद हिरवट.

हळद कपड्यावर साबणाने लाल होते हे मुलांना माहीत असतं, म्हणून ती साबणाचं पाणी घ्यायला जातात. घेऊ नका, सॅनिटायझरही नको. मेणाची भिंत पाण्याला अडवते ती पृष्ठताणाच्या जोरावर, आणि साबण आणि स्पिरिट नेमका तोच कमी करतात. द्रव भिंत ओलांडून सगळ्या कागदभर पसरतो.